सेल नंबर तीन

यशवंत बनसोडे सत्तावीस वर्षं भोकं पाडत होता. सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीतल्या पंपाच्या कारखान्यात तो ड्रिलवर होता. बिडाचं ओतीव कवच ट्रॉलीतून त्याच्यापुढं यायचं, त्याला सहा भोकं पाडायची आणि पुढच्या ट्रॉलीत टाकायचं, एवढंच काम. कारखान्यात त्या कवचाला ‘जॉब’ म्हणतात. तो जॉब आपल्या हातातून सुटल्यावर कुठं जातो, त्याचं पुढं काय होतं, याच्याशी यशवंतला काही देणंघेणं नव्हतं. एकदा केम गावी मेव्हण्याच्या शेतावर गेला असताना विहिरीवर त्यांच्याच कंपनीचा पंप बसवलेला दिसला. यशवंत उकिडवा बसून आपली भोकं शोधायला लागला. सगळ्या भोकांत बोल्ट आवळलेले. मेव्हण्यानं विचारलं, “काय बघताय दाजी?” “काय न्हाई,” म्हणाला आणि पॅंट झटकून उठला.

लोक त्याला शांत म्हणत. शांत कसला? रोज आठ तास ड्रिलच्या आवाजात उभं राहिल्यावर माणसाला बोलायची सवय राहील तरी कुठून? बुधवार पेठेतल्या घरीसुद्धा तो मानेच्या इशाऱ्यावरच संसार चालवायचा. बायको पारूबाई म्हणायची, “ह्यांच्याशी भांडायचं तर दोघांचं मलाच बोलावं लागतंय.” पण कान मात्र तिखट. ड्रिलची धार गेली की आवाजात जरासा रडका सूर लागतो. तो बाकी कुणाला कळायच्या आधी यशवंतला कळायचा आणि तो मशीन थांबवायचा. मोजायचं गेज त्याच्यापाशी होतं, पण ते तो साहेब लोक आले की हातात धरायचा.

त्याच्या पाठीला पाठ लावून सिद्धाप्पा उभा असायचा. यशवंतनं पाडलेल्या भोकात सिद्धाप्पानं आटे पाडायचे, म्हणजे बोल्ट फिरून बसावा म्हणून टॅपनं आत वळसे काढायचे. सिद्धाप्पा मंगळवेढ्याकडचा धनगर. घरची मेंढरं होती. कारखान्यात चिकटला तेव्हा वाटणीची मेंढरं थोरल्या भावाच्या हवाली करून आला आणि गावात सांगून बसला, की आता आपण काठी धरत नाही. पण चिकटला तो ठेकेदाराकडून. अकरा वर्षं झाली तरी त्याच्या ओळखपत्रावर कंपनीचं नाव नव्हतं, ठेकेदाराचं होतं. यशवंत परमनंट. वयानंही आठ वर्षांनी मोठा, म्हणून सिद्धाप्पा त्याला अण्णा म्हणायचा. अकरा वर्षं दोघांनी डबा एकत्र खाल्ला. सिद्धाप्पा बोलायचा आणि यशवंत जेवायचा, अशी त्यांची मैत्री.

मग कंपनीत ऋतुजा मॅडम आल्या. मूळच्या मोहोळच्या, शिकलेल्या सोलापुरातच, वय सत्तावीस-अठ्ठावीस. हातात टेप आणि वही. पंधरा दिवस त्या नुसत्या शेडमधून फिरल्या. या मशीनपासून त्या मशीनपर्यंत टेप लावायच्या, लिहून घ्यायच्या, परत लावायच्या. नंतर मशीनवर खडूनं आकडे पडले. यशवंतच्या ड्रिलवर तीन, लेथच्या शेडमधल्या कुठल्याशा लेथवर तीन, ग्राइंडिंगच्या एका मशीनवर तीन. कुणाला काही सांगणं नाही, विचारणं नाही. मॅडम समोर आल्या की हसायच्या तेवढ्या.

आणि एका सोमवारी गेटजवळच्या बोर्डावर दोन कागद लागले, एकाला एक चिकटून. पहिल्यावर लिहिलं होतं: ‘जुनी मांडणी बंद करण्यात येत असून मशीन शॉपमधील सर्व मशीन टप्प्याटप्प्याने सेलमध्ये जातील. कामगारांनी सहकार्य करावे.’ दुसऱ्यावर लिहिलं होतं, की पन्नाशी ओलांडलेल्या कायम कामगारांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना सुरू आहे, इच्छुकांनी लवकर अर्ज करावेत.

आता सेल म्हणजे काय, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. एक सेल टॉर्चमध्ये घालतात आणि दुसरा नव्या पेठेत दुकानावर फडकं बांधून लावतात. कारखान्यातली मशीन टॉर्चमध्ये जाणार नव्हती, हे उघड होतं.

“अण्णा, सेल लागला की!” सिद्धाप्पा बोर्डाजवळच मटकन खाली बसला. “मशीन विकायला काढल्यात. आकडे घातल्यात बघा, तरीच म्हनलं मी. आकडे घालून गिऱ्हाईक बघत्यात.”

यशवंतनं कागद दोनदा वाचला. त्यातून दुसरा अर्थ निघत नव्हता.

बाकीचे लोक कुजबुजले, कुणी म्हणालं युनियनला विचारू, कुणी म्हणालं मॅडमलाच विचारू. यशवंत विचारणाऱ्यांतला नव्हता, आणि त्याला कारण होतं. त्याचे वडील गिरणीत होते. यशवंत नववीत असताना गिरणीत टेप घेऊन माणसं आली, मागांवर रंगानं आकडे घातले. वडलांनी धीर करून मॅनेजरला विचारलं. मॅनेजर म्हणाला, काही काळजी करू नका, माग नुसते हलवतोय. वडलांनी घरी येऊन तेच सांगितलं, शेजारी सांगितलं, ज्यांनी निघून जायचं ठरवलं होतं त्यांनाही थांबवून धरलं. दोन महिन्यांनी गेटला कुलूप लागलं आणि माग भंगारात गेले. थांबलेल्यांच्या हाती काहीच लागलं नाही. वडील त्यानंतर बारा वर्षं जगले, पण ज्यांना थांबवलं त्यांच्या गल्लीतून कधी गेले नाहीत. लांबच्या रस्त्यानं जायचे.

“तुमी परमनंट हायसा अण्णा,” जेवणाच्या सुट्टीत सिद्धाप्पा म्हणाला. त्याच्या हातातली भाकरी तशीच होती. “आमचं काय, ठेकेदार उद्या गाडीत घालून दुसऱ्या दारात सोडंल. न्हाईतर सोडनार बी न्हाई. पर तुमाला ह्यो कागद तरी हाय. आदी जाईल त्याला मिळंल, मागं ऱ्हाईल त्यो बोंबलत बसंल. सही करून टाका.”

“घाई व्हईल,” यशवंत म्हणाला.

“व्हऊ द्या की घाई! तुमच्या जागी मी असतो तर तुमचं ऐकलं असतं का न्हाई? मग माझं ऐका. लई इचार करू नका.”

सिद्धाप्पाच्या डोळ्यांत पाणी होतं. स्वतःची नोकरी जाणार म्हणून रडावं, तर हा माणूस दुसऱ्याची सोय लावण्यासाठी रडत होता. यशवंतनं मान हलवली.

गुरुवारी त्यानं सही केली. ऑफिसातल्या माणसानं विचारलं, “नक्की ना?” यशवंत म्हणाला, “व्हय.” पेन टेबलावर ठेवलं आणि आपल्याला काही वाटतंय का, ते तो बघत राहिला. काही वाटत नव्हतं. थंडीत नळाखाली बराच वेळ हात धरल्यावर हात आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. तो परत मशीनवर गेला आणि उरलेले जॉब करून टाकले.

घरी सांगितलं तेव्हा पारूबाईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. “कुनाला इचारलंत?”

“कुनाला इचारायचं?”

“मला तरी?”

यशवंतनं मान हलवली नाही. पारूबाईनं दोघांचं बोलून बघितलं, मग तीही गप्प झाली. नर्सिंगला असलेली त्यांची मुलगी धम्मप्रिया फोनवर म्हणाली, “बाबा, सहा वर्षं राहिली होती तुमची.” यशवंत म्हणाला, “व्हय, सहा.” आणि फोन पारूबाईकडं दिला.

पुढच्या सोमवारी मशीन हलवायला माणसं आली. या शेडमधला पहिला नंबर यशवंतच्याच ड्रिलचा. पायाचे बोल्ट काढले, साखळ्या लावल्या, फोर्कलिफ्टनं ते हिरवं धूड उचललं. सगळी शेड काम सोडून उभी राहिली. बाहेर ट्रक कुठं आहे, गिऱ्हाईक कोण आहे, म्हणून सिद्धाप्पा दारापर्यंत जाऊन डोकावून आला. ट्रक नव्हता. फोर्कलिफ्ट गेटकडं निघाला, दारापाशी आला आणि डावीकडं वळला. तीस-चाळीस पावलं गेला. तिथं आदल्या रात्रीच एक लेथ आणून ठेवला होता. फोर्कलिफ्टनं ड्रिल त्या लेथच्या शेजारी ठेवलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या शेजारी सिद्धाप्पाचं आटे पाडायचं मशीन आलं आणि त्यापुढं एक ग्राइंडिंग. चारही मशीन घोड्याच्या नालासारखी वाकवून मांडलेली. वर पाटी लागली: ‘सेल नं. ३.’

ऋतुजा मॅडमनी सगळ्यांना गोळा केलं. “पीठ एका घरात मळायचं, भाकरी दुसऱ्या गल्लीत थापायची आणि भाजायला तिसऱ्या पेठेत न्यायची, असं चाललं होतं आपलं,” त्या म्हणाल्या. “एका जॉबवर आपण खरं काम करतो सत्तावीस मिनिटं. आणि तो कारखान्यात पडून राहतो एकोणीस दिवस. नुसता ट्रॉलीत. आता एका जॉबला लागणारी सगळी मशीन एकाजवळ एक. हा एक गट, म्हणजे एक सेल. जॉब इकडून आत येईल आणि तिकडून पुरा होऊनच बाहेर पडेल.”

कुणीतरी मागून म्हणालं, “म्हंजे विकनार न्हाई?”

“काय विकणार नाही?”

शेडमध्ये हशा पिकला. मोठा हशा, आठ दिवस छातीवर धोंडा घेऊन झोपलेल्या माणसांचा. एकमेकांच्या पाठीवर थापा पडल्या. मॅडमना आधी कळेना. कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, कारण तो कागद त्यांनीच लिहिला होता, आणि गट या शब्दाऐवजी सेल बरा दिसेल असं त्यांना वाटलं होतं. त्याही हसल्या. हसला नाही तो सिद्धाप्पा. तो यशवंतकडं बघत होता. यशवंत पाटीकडं बघत होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी यशवंतला केबिनमध्ये बोलावलं. “मामा, तुम्ही सही का केलीत? तीन नंबरच्या सेलमध्ये पहिलं नाव तुमचं होतं. ड्रिल, टॅप, ग्राइंडिंग, तिन्ही तुमच्याकडे देणार होते मी. तुमच्यासारखा कान कुणाला नाही इथं.”

माझ्या कानाची गोष्ट हिला कुणी सांगितली, एवढंच यशवंतच्या मनात आलं.

“अर्ज मागं घेता येतो. शनिवारी चारपर्यंत. नंतर हेड ऑफिसला यादी जाते, मग माझ्या हातात काही राहत नाही. तुम्ही मागं घेतलात, की मी सिद्धाप्पाचं नाव काढते आणि तुमचं परत घालते.”

“सिद्धाप्पाचं?”

“तुमच्या जागी त्याला घातलंय. एका सेलमध्ये तिघांची गरजच नाही, मामा. ठेकेदाराची आठ माणसं कमी होणार होती, त्यात तो होता. तुम्ही गेलात म्हणून सात झाली, आणि त्याला कंपनीच्या रोलवर घ्यायला साहेब तयार झाले. त्याला अजून हे सगळं माहीत नाही. फक्त पुढच्या महिन्यापासून तीन नंबरला राहणार, एवढं सांगितलंय.” मॅडमनी वही मिटली. त्या सरळ होत्या, पोटात काही ठेवायच्या नाहीत. “वाईट वाटतं. पण काम तुम्हाला जास्त येतं, हे खरं आहे.”

“बघतो,” यशवंत म्हणाला.

तो आठवडा त्यानं सेलमध्ये काढला. महिना संपेपर्यंत काम करायचंच होतं, आणि मॅडमनी मुद्दाम त्यालाच तीन नंबर चालू करून द्यायला सांगितलं. लेथवाला जॉब तासून हातात द्यायचा. यशवंत भोकं पाडायचा, दोन पावलं सरकून आटे पाडायचा, आणखी दोन पावलं सरकून ग्राइंडिंगला लावायचा. बाजूला उभं राहून सिद्धाप्पा शिकायचा. पहिल्याच दिवशी दुपारी एक जॉब पुरा होऊन यशवंतच्या हातात आला, चकचकीत, गरम, सगळीकडून झालेला. सत्तावीस वर्षांत पुरा जॉब त्यानं कधी हातात धरला नव्हता. हे बघून आनंद व्हायला हवा, असं त्याला वाटलं. त्यानं थोडी वाट पाहिली. मग जॉब पेटीत ठेवला आणि दुसरा घेतला.

रात्री पारूबाई म्हणाली, “आता कळलंय न्हवं सगळं? मग कागद माघारी घ्या.”

“बघतो.”

“काय बघतो? शनवारपतुर मुदत हाय म्हनं. शेजारच्या संगप्पाची बायको सांगत हुती.”

“गुडघं दुकत्यात,” यशवंत म्हणाला. त्याचे गुडघे कधी दुखले नव्हते. पारूबाईला ते ठाऊक होतं, कारण तिचे दुखायचे आणि तेल लावायला तोच बसायचा. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं आणि दिवा मालवला.

यशवंत काही थोर वगैरे माणूस नव्हता. बुधवारी तो ऑफिसच्या खिडकीपर्यंत गेला होता. खिडकीवर दोन माणसं होती, ती निघून जायची वाट बघत उभा राहिला. ती गेली, तरी तो उभाच राहिला. खिडकीतल्या माणसानं विचारलं, “काय पाहिजे?” तेव्हा त्यानं कॅंटीनची कुपनं मागितली. सिद्धाप्पासाठी आपण हे करतोय असं त्याच्या मनात स्पष्ट आलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं. तसंही आलं नाही. सिद्धाप्पाच्या दोन पोरी त्यानं पाहिल्या होत्या, बायको तानाबाईच्या हातची भाकरी अकरा वर्षं खाल्ली होती, त्यानं भावाकडं मेंढरं मागायला जाणं शक्य नाही हेही माहीत होतं. पण हे सगळं कुणा दुसऱ्याबद्दल ऐकावं तसं लांबून ऐकू येत होतं. त्याला फक्त एवढंच कळत होतं, की हात पुढं जात नाही.

सिद्धाप्पाचं उलटं होतं. त्याला सगळं वाटत होतं, आणि सगळं एकदमच. आपली नोकरी राहिली म्हणून आनंद, आणि अण्णाची आपण घालवली म्हणून लाज. मंगळवारी त्यानं पाय धरले. बुधवारी शपथा घातल्या. गुरुवारी डबा उघडला नाही. “माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं,” म्हणाला. “मी कशाला बोललो? मला काय कळतंय? मेंढरं राखनारा मानूस मी. अण्णा, अर्ज माघारी घ्या की. लई पाया पडतो.”

“गुडघं दुकत्यात, सिद्धा.”

“कवापासनं?”

“दुकत्यात.”

“खोटं बोलताय तुमी. मला शिक्षा द्याला बोलताय.”

यशवंतनं त्याला आटे पाडायच्या मशीनचा वेग ड्रिलशी कसा जुळवायचा ते दाखवलं. सिद्धाप्पाच्या हातून टॅप तुटला. यशवंतनं तुटका तुकडा जॉबमधून सावकाश बाहेर काढला आणि नवा टॅप लावून दिला. “आवाज ऐक,” म्हणाला. “अडकायच्या आदी त्यो सांगतो.” सिद्धाप्पा ऐकत नव्हता. तो यशवंतच्या तोंडाकडं बघत होता.

शनिवारी दुपारी साडेतीनला सिद्धाप्पानं मशीन बंद केलं. हात पुसले. “मी चाललो मॅडमकडं,” म्हणाला. “सांगतो की सल्ला माझा हुता, चूक माझी हाय. अण्णाला काय येत न्हाई बोलाला, तर मी बोलतो. मॅडम चांगली बाई हाय, ऐकंल. मी हात जोडून तुमचं नाव घालाय लावतो तितं.”

आणि तो चालायलाच लागला.

यशवंत त्याच्या मागं निघाला. शेडमधून ऑफिसकडं जायला मधला मोकळा चौक पडतो. ऊन रणरणत होतं. सिद्धाप्पा लांब ढांगा टाकत पुढं चालला होता, मेंढरांमागं चालणाऱ्याची चाल, ती अकरा वर्षांत गेली नव्हती. यशवंतला त्याला गाठायला पळावं लागलं. पळताना गुडघे अजिबात दुखले नाहीत. केबिनच्या दाराला काच होती आणि काचेतून मॅडम दिसत होत्या, मान खाली घालून लिहिणाऱ्या. ह्यानं आत जाऊन हात जोडले, की त्या खुर्ची पुढं ओढतील आणि सरळपणानं सगळं सांगतील. यादी, आठ माणसं, सात माणसं, कुणाच्या जागी कोण. मग सिद्धाप्पा स्वतःच म्हणेल, माझं नाव काढा.

सिद्धाप्पाचा हात दाराच्या मुठीवर पडला.

“सिद्धा.”

“सोडा मला, अण्णा.”

“आत जायाचं न्हाई.”

“का न्हाई? का जायाचं न्हाई? सांगा की! माझ्या डोक्यावर जन्मभर ठिवून चाललायसा तुमी ह्ये. एवढा राग हाय व्हय माझा?”

‘राग’ हा शब्द सिद्धाप्पानंच समोर ठेवला होता. यशवंतला तो फक्त उचलायचा होता.

“व्हय,” तो म्हणाला. “राग हाय. तुझं ऐकलं आन् माझं वाटोळं झालं. मला तुझं त्वांड बघायचं न्हाई, तुझी शिफारस नगं आन् तुझ्यासंगं एका सेलमदी उभं बी ऱ्हायाचं न्हाई. म्हनून अर्ज माघारी घेत न्हाई मी. कळलं? जा हितनं.”

सत्तावीस वर्षांत तो एकावेळी एवढं बोलला नव्हता. सिद्धाप्पाचा हात मुठीवरून निसटला. अकरा वर्षं एका डब्यात जेवलेल्या माणसाकडं त्यानं असं बघितलं, की बघून झाल्यावर पुन्हा कधी बघणार नव्हता. मग तो वळला आणि उन्हातून शेडकडं गेला. आता त्याच्या ढांगा लांब नव्हत्या.

आतून मॅडमनी मान वर केली आणि दार उघडलं. “मामा? काही काम होतं? पंधरा मिनिटं आहेत अजून.”

“न्हाई,” यशवंत म्हणाला.

त्यानं उत्तर दिलं खरं, पण त्याचं लक्ष तिकडं नव्हतं. छातीत काहीतरी वर येत होतं, सही केल्यापासून पहिल्यांदा, आणि ते काय आहे ते ओळखायला त्याला थोडा वेळ लागला. तो राग होता. सिद्धाप्पाला परत पाठवायला म्हणून तो जे बोलला, त्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्याला सिद्धाप्पाचा राग आला होता, त्या बोर्डापाशी मटकन खाली बसण्याचा, त्या डोळ्यांतल्या पाण्याचा, त्या भाकरीचा. खूप आला होता. मॅडमनी पाणी हवं का विचारलं, तेव्हा तो भिंतीला हात लावून उभा होता.